चेरीचं आळं

वाडी, ता. पाटण
९ ऑगस्ट १९७३

आप्पा,

तुला उदंड आयुष्य. खुशाली मागनं सांगते, आदी भांडण. तुझ्या लाडक्या भाच्यानं काय दिवे लावले ते ऐकलंस का? मानसिंग सुट्टीवर आला तो एकटा न्हाई, संगं बायको! शिमल्याच्या वरती कुठल्या डोंगरात पल्टनीचा तळ हुता, तिथल्या बागवाल्याची पोरगी. लगीनबी तिकडंच उरकलं. आईला पत्तर न्हाई का निरोप न्हाई. दारात हुभा ऱ्हाऊन म्हणतोय, "आई, सून आणलीया." माझ्या हातात शेणाची पाटी. म्हणले, बाबा, आणलीस तर आण आत, आता काय गावात दवंडी पिटू?

पोरीचं नाव बिमला. गोरीपान, गालावर लाली, नाकात ह्येवडा लवंगेएवढा खडा. मानसिंग म्हैन्यानं पल्टनीत परत गेला आन् ही ऱ्हायली माझ्या गळ्यात. मी बोलते ते तिला उमजत न्हाई, ती बोलती ते मला. "वाईच बस" म्हणले की उठून हुभी ऱ्हाती. भाकरी गिळत न्हाई, नुसता भात चिवडती. दुपारची परड्यात जाऊन रडती आन् डोळं पुसून आत येती, जसं काय मला कळतच न्हाई. मी सासू हाय का कसाई हाय, तूच सांग.

आता कामाचं. निघताना तिच्या आईनं तिच्या पदरात बिया बांधल्यात. चेरीच्या म्हणती. चेरी म्हणजे काय ते माझ्या बाला ठावं! हातवारं करून सांगितलं तवा कळलं. लालचुटूक, करवंदाएवढं फळ, आत एकच बी. तिनं परड्यात लावल्या, उगवल्या न्हाईत. मी शेणकाल्यात भिजवून लावल्या, तरी न्हाईत. रोज सकाळी जाती, माती उकरती आन् एवढंसं तोंड करून येती.

आप्पा, तुला म्हणून सांगते. हे झाड हितं उगवलं तर पोरगी हितं ऱ्हाईल आसं माझ्या मनानं घेतलंय. न्हाईतर एक दिवस ट्रंक उचलून जाईल आन् तिच्या मागं मानसिंगबी जाईल. एकुलतं एक लेकरू माझं. मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू? दुसऱ्या बाया रुसून माहेरला तरी जात्यात. आपलं माहेर धरणानं गिळलं. मी रुसून जाऊ कुठं, पाण्यात?

उरलेल्या बिया एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडल्यात. तू सांगलीत शिकल्या-सवरल्या माणसांत ऱ्हातोस. कुणाला तरी इचार.

तुझी अक्का

विश्रामबाग, सांगली
१८ नोव्हेंबर १९७३

ती. अक्कास,

पायांवर डोकं ठेवतो, म्हणजे तुला पाठीत धपाटा घालायला सोपं जाईल. तुझ्या अर्ध्या बिया मी घालवल्या.

झालं काय, इथे कुणीतरी म्हणालं की ह्या बियांना थंडी लागते. मी हळदीच्या आडतीवरचा दिवाणजी. मला थंड जागा म्हटली की पेवच आठवणार. हरिपूरला आमच्या शेठची पेवं आहेत, जमिनीच्या पोटात. वरून माती लिंपली की आतली हळद वर्षानुवर्षं हलत नाही, कीड नाही की बुरशी नाही. म्हटलं, हळद टिकते तर चेरी का नाही टिकणार? एका फडक्यात बांधून पोत्यांबरोबर आत सोडल्या. दिवाळीआधी पेव उघडलं. आता तुला काय सांगू, आत माणूस उतरवण्याआधी तोंड उघडून ठेवावं लागतं, एवढी वाफ कोंडलेली असते! थंडी कुठली, भट्टीच ती. बिया पिवळ्याधमक झाल्या होत्या आणि हलवल्या की आत खुळखुळत होत्या.

मग मात्र नाक मुठीत धरून इथल्या कॉलेजातल्या वनस्पतीच्या प्रोफेसरांकडे गेलो. पेवाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "दिवाणजी, ही बी झोपलेली असते. बर्फातला हिवाळा सरला असं तिला वाटलं तरच ती डोळे उघडते. ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा. फसवायचं तिला." आता फ्रिज कुठून आणू? आमच्या गल्लीत एकच आहे, मेडिकलवाल्यांच्या घरी. त्यांच्या बाईंनी आधी तोंड वाकडं केलं. तुझ्या भावजयीनं, चंद्रानं, दोन दिवस त्यांच्या शेवया वळून दिल्या, तेव्हा कुठे जागा मिळाली. आता लोणच्याच्या बरणीत वाळू, वाळूत तुझी चेरी आणि शेजारी त्यांचं ताक. चंद्रा रोज बघून येते. त्या निमित्ताने थंड पाणीही पिऊन येते.

तू माहेराचं लिहिलंस आणि दिवसभर माझं हिशेबात लक्ष लागलं नाही. मला परड्यातला फणस आठवला. तो फळ धरेना तेव्हा आई शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचून, कुऱ्हाड घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची, आठवतं? "एवढं खाऊ-पिऊ घातलं, फळ देत न्हाईस. आता ठेवत न्हाई, तोडते." आणि दुसऱ्या माणसानं मध्ये पडून म्हणायचं, "नको तोडू, पुढल्या साली देईल." ते दुसरं माणूस नेहमी मी. तुम्हा सगळ्यांना तो खेळ वाटायचा. मला वाटायचं, आई खरंच तोडणार. मी बुंध्याला मिठी मारून भोकाड पसरायचो. तू खदाखदा हसायचीस आणि मग मला कडेवर घेऊन नदीवर न्यायचीस. अजून कधी कोयनेचं पाणी बघितलं की वाटतं, खाली कुठेतरी तो उभा असेल.

सूनबाईंना सांग, बिया झोपल्यात, मेल्या नाहीत.

तुझा आप्पा

वाडी
२ एप्रिल १९७४

आप्पा,

वाळूची बरणी पोचली. त्यातल्या चार बियांस्नी पांढरं मोड आलं हुतं. बिमलानं बरणी हातात घेतली आन् मटकन खालीच बसली. मी म्हणले, झालं, हिला भवळ आली. बघते तर हसतीया! ह्या घरात आल्यापास्नं पैल्यांदा तिचं दात बघितलं, आप्पा. लय गोड हसती रं.

चारी बिया परड्यात लावल्या. एक कोंबडीनं उकरली. दोन शेजारच्या शालूबाईच्या शेळीनं खाल्ल्या. त्यावरनं माझं आन् शालूबाईचं आसं भांडण झालं की वाडी गोळा झाली. म्हणती, "एवढ्याशा पाल्यासाठी काय गं?" मी म्हणले, तुझी शेळी शिमल्यास्नं पाला आणून दील का? आता एक ऱ्हायलंय. त्याला बिमलानं दगडाचं आळं केलंय आन् मी भवतीनं बोराट्या लावल्यात. पानं चार हायती, कडंला बारीक दातरं. रोज सकाळी चुलीला जाळ घालायच्या आदी मी बगून येते, पाचवं आलं का.

आन् खरी गोष्ट तर सांगायचीच ऱ्हायली. काल मला तिनं हाक मारली, "आत्याबाई, इकडं या." आत्याबाई! शालूबाईच्या सुनेनं शिकिवलं आसंल. मी ऐकू आलं न्हाई आसं केलं, म्हणजे आजून एकदा म्हणंल.

चंद्राबाईला म्हणावं, लेक आसती तर तुझ्यासारखी आसावी. मेडिकलवालीलाबी आशीर्वाद सांग. नाचणी धाडलीया, त्यातली शेरभर तिला दे.

अक्का

वाडी
२० फेब्रुवारी १९७६

आप्पा,

तुझ्या पार्सलाची काय गंमत झाली ते ऐक. मिरजेच्या बेकरीतली चेरी म्हणून डबा धाडलास न्हवं? मी देवापुढं ठेवला. म्हणले, सुनेच्या माहेरचं फळ हाय, आदी देवाला. मग बिमलाला म्हणले, खा गं बाई, मामानं धाडलंय. तिनं एक तोंडात घातली, वाईच चावली आन् माझ्याकडं बघाय लागली. म्हणली, "आत्याबाई, मामांस्नी सांगू नका. ही करवंदं हायती. साखरंत बुडवून रंग दिलाय."

आप्पा, आमच्या डोंगराला करवंदाच्या जाळ्या, शेळ्या खाईनात एवढ्या, आन् तू ती पैसं मोजून मिरजेस्नं धाडलीस! दोघी हसून हसून अंगणात लोळलो. मला ठसका लागला, तिनं पाठ चोळली. माझी आई गेल्यापास्नं माझी पाठ कुणी चोळली न्हवती.

आता ती माझ्यागतच बोलती. परवा भाजीवाल्याला "आवं, वजनात मारताय व्हय?" म्हणली. त्येनं तागडी सरळ केली. झाड कमरंला लागलंय. सकाळी आमी दोघी त्येच्यापाशी हुभ्या ऱ्हातो. ती पाणी घालती, मी बोलते. काय बोलते म्हणशील तर, आपल्या गावच्या गोष्टी. डोहाच्या, जत्रेच्या, तू उसाच्या फडात हरवला हुतास त्याच्या. झाडाला सांगते आन् तिला ऐकू जात्यात.

अक्का

वाडी
११ फेब्रुवारी १९७९

आप्पा,

तू गेल्या दिवाळीला आलास तवा झाड बघून गेलास. माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पाला जोरात, खोड चकचकीत. पर फूल न्हाई. पाच वर्षं झाली, एक कळी न्हाई. माणसं जाता-येता इचारत्यात, "सुलाबाई, तुमची इलायती धरली का?" आन् इचारून झालं की बिमलाच्या पोटाकडं बघत्यात.

तुला ठावंच हाय. लग्नाला सहा वर्षं हुत आली. साताऱ्याला डाक्तर झाला, पालीला खंडोबा झाला. पोरगी काय म्हणत न्हाई. मानसिंग सुट्टीवर येतो आन् म्हणतो, "आई, हुईल तवा हुईल." पर कोंडीबा भावकीतला, रोज दुपारचा येऊन बसतोय. त्याच्या मेव्हण्याची पोरगी हाय. म्हणतो, "वैनी, मानसिंगाचं दुसरं करून टाका, वंशाला दिवा नको व्हय?" मी त्याला व्हय म्हणले न्हाई. पर खरं सांगू, न्हाईबी म्हणले न्हाई. चहा पाजते आन् धाडून देते. माझ्या मनाला काय झालंय कळंना. ती चहा आणून ठेवती, त्येच्यासमोर कप ठेवताना हात हालत न्हाई तिचा. मला तेच बघवत न्हाई.

म्हणून ठरीवलं. झाडाचं तरी करू. आई करायची तसं, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड दावायची. फणसानं पुढल्याच साली धरलं हुतं, आठवतंय न्हवं? झाडाला धरलं की घराला धरंल, आसं मला आतनं वाटतंय. येडी म्हण. पर नको तोडू म्हणायला दुसरं माणूस पायजे आन् ते माझ्या माहेरचं पायजे. तुझ्याशिवाय हाय कोण? तू ये. एक दिवस ये आन् जा.

अक्का

विश्रामबाग, सांगली
१९ फेब्रुवारी १९७९

ती. अक्का,

हे कार्ड घाईत लिहितोय. शिमग्याला येतो. नक्की येतो. प्रोफेसरांना झाडाचं एकदा विचारून घेतो, खताबिताचं काही सांगतील. कोंडीबाला चहा पाजणं बंद कर, साखर महाग झालीय.

आप्पा

वाडी
२४ मार्च १९७९

आप्पा,

आला न्हाईस. सकाळच्या गाडीला रस्त्यावर जाऊन हुभी ऱ्हायले, दुपारच्या गाडीला गेले. तुझं कार्ड आलं दोन दिवसांनी, हळदीचं सौदं हायती म्हणून. तुझी हळद तुला लखलाभ!

पर भांडायला आज जीव न्हाई. बिमला गेली.

त्या दिवशी तुझी वाट बघून सांजच्याला मी एकटीच परड्यात गेले. दीस चुकवायचा न्हवता. पदर खोचला, कुऱ्हाड घेतली आन् आईनं म्हणलं तसंच म्हणले, वरडून, कारण झाडाला ऐकू गेलं पायजे. "पाच वर्षं झाली. लांबनं आणलं, जीव लावला, खाऊ-पिऊ घातलं. फळ देत न्हाईस. आता ठेवत न्हाई. तुझ्या जागी दुसरं लावते." आन् वाईच थांबले. मागनं कुणी काय म्हणंना. माझं मलाच येड्यागत वाटलं. कुऱ्हाड खाली ठेवून वळले तर ही दारात हुभी. हातात पाण्याची कळशी. मी म्हणले, "का गं?" म्हणली, "काय न्हाई, आत्याबाई." आन् आत गेली.

त्यावर तीन दीस नेमानं स्वैपाक केला, माझं पाय चेपलं, लुगडी धुतली. चौथ्या दिवशी पाटणच्या बाजाराला जाते म्हणून गेली ती आलीच न्हाई. कंडक्टर म्हणला, कराडच्या गाडीत बसली, संगं ट्रंक हुती. मी पळत परड्यात गेले, का कुणास ठावं. आळं ओलं हुतं. जायच्या आदी झाडाला पाणी घालून गेली हुती.

मला काय कळत न्हाई, आप्पा. सहा वर्षांत तिला न्यायला माहेरचं कुणी आलं न्हाई. एवढ्या लांबनं येणार तरी कसं? त्याची खंत खात आसंल. का बा आजारी हाय? तर मला सांगायला काय धाड भरली हुती? मी काय आडवली आसती? मी तिला काय कमी केलं रं? मानसिंगला पत्तर टाकलंय. घर खायला उठतंय. भांडायलासुदिक कुणी न्हाई.

अक्का

विश्रामबाग, सांगली
३० मार्च १९७९

अक्का,

तुझं पत्र हातात धरून आडतीत बसलो होतो. शेठनं दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आली नाही.

आधी माझं ऐक, मग काय बोलायचं ते बोल. हळदीचे सौदे वगैरे खोटं होतं. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात प्रोफेसरांकडे गेलो. म्हटलं, झाड जोरात आहे, फूल का येत नाही? ते म्हणाले, "येणारच नाही. बी फ्रिजमध्ये ठेवून फसवली, दिवाणजी. अख्खं झाड कुठल्या फ्रिजमध्ये ठेवाल? त्याला दर वर्षी बर्फातला हिवाळा लागतो, तेव्हा ते फुलावर येतं. पाटणला ते वाढेल, सावली देईल. फळ देणार नाही. झाडात खोट नाही, हवा त्याची नाही." मी तिथून घरी चालत आलो, बस दिसत असून. तू झाडावर सगळा भार टाकून बसली होतीस. मग तुझ्यासमोर बुंध्याला हात लावून "पुढल्या साली देईल" असं कुठल्या तोंडानं म्हणू? आणि तुला खरं काय ते सांगणंही जमेना. म्हणून घरी बसून राहिलो. भित्रा तो भित्राच मी.

आता दुसरं. तुला खरंच कळत नाही, अक्का, ती का गेली? तू झाडाला काय म्हणालीस ते तूच लिहिलंयस. एकदा परत वाच. लांबून आणलं, खाऊ-पिऊ घातलं, पाच वर्षं झाली, फळ नाही, ठेवत नाही, तुझ्या जागी दुसरं. आणि दारात कोण उभं होतं? रोज दुपारी कोंडीबाचा चहा कोण करत होतं? तिला आपली रीत काय माहीत! तिनं कुऱ्हाड बघितली. "नको तोडू" म्हणणारा माणूस सांगलीत तोंड लपवून बसला होता, त्यामुळे ते तिच्या कानावर पडलंच नाही. धमकी तेवढी ऐकली पोरीनं.

तू कमी काही केलं नाहीस. पण अक्का, आता कार्ड पाठवून भागायचं नाही. पत्रात तू काहीही लिहिलंस तरी तिला ती कुऱ्हाडच दिसेल.

आप्पा

मु. नारकंड्याजवळ, शिमला
१० जून १९७९

आप्पा,

तुझं पत्तर वाचलं आन् त्याला उत्तर लिवायला दोन म्हैनं हात उठला न्हाई. जितक्या येळा वाचलं तितक्या येळा माझंच बोलणं माझ्या कानात आलं. मग वाडीतलं हंबीरराव सुभेदार दिल्लीला निघालं हुतं, त्यांस्नी म्हणले, मला न्या. शालूबाईच्या हवाली म्हस केली आन् निघाले. साताऱ्याच्या पलीकडं कवा पाऊल न टाकलेली मी. दिल्लीला मानसिंग आला हुता. आगगाडीत त्याला सगळं सांगितलं. त्यो म्हणला, "आई, तू मला तरी इचारायचं."

हितं जूनात घोंगडी लागती, आप्पा. घरं डोंगराला चिकटल्यागत. बिमलाची आई दारात आली. ती तिच्या बोलीत बोलती, मी माझ्या. तिनं माझ्यापुढं चेरीची वाटी ठेवली. एक खाल्ली. आंबट, मागनं गोड, पातळ सालीची. बी तोंडात धरून बसले, थुकायचा धीर हुईना. बिमला आली, पाया पडली, पाणी ठेवलं आन् गेली. मोठ्या घरी पाव्हणं आलं की करावं तसं. तिनं मला शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

दुसऱ्या दिवशी ती बागंत फळं उतरवत हुती. मी टोपली धरून मागं मागं. धीर करून म्हणले, "मी झाडाला बोलले गं, तुला न्हाई. आमच्यात रीत हाय तशी. दुसऱ्यानं नको म्हणायचं आसतंय." ती वर बघतच म्हणली, "झाड माझंच हुतं की, आत्याबाई."

मग मी तुझ्या प्रोफेसरचं सांगितलं, की त्येला हितली थंडी लागती, आपल्याकडं ते धरायचंच न्हाई. तर ही बया म्हणती, "मला पैल्याच पौषात कळलं हुतं. तुमी एका वाकळंवर निजत हुता. तेवढ्या थंडीत चेरी फुलती व्हय कुठं?"

मी म्हणले, "आगं, मग पाच वर्षं पाणी कशाला घातलंस?"

तिनं फांदी सोडली. म्हणली, "तुमी सकाळी उठून आदी त्येच्याकडं बघायच्या. पानं मोजायच्या, हसायच्या. मग माझ्याकडं वळायच्या तवा तेच हसू तोंडावर आसायचं. म्हणून घालत हुते."

मी तिथंच दगडावर बसले आन् रडले. बाप गेला तवा रडले न्हवते एवढं. सगळं बोलले. म्हणले, कोंडीबाला मी चहा पाजला ती माझी चूक. त्येला हाकलून द्यायचं सोडून मी गप बसले, ते तू रोज बघत हुतीस. तुला लेकरू हू दे, न्हाईतर न हू दे. हुईल न हुईल ते देवाघरचं. तू माझी सून हाईस ती हाईसच. तुझ्या जागी दुसरं काय लावायचं न्हाई मला. आन् म्हणले, तुझं माहेर हाय, माझ्यागत पाण्याखाली गेलं न्हाई. ऱ्हायचं तर ऱ्हा हितं. मानसिंगबी ऱ्हाईल. मी तुला न्यायला आले न्हाई, माफी मागायला आले.

ती डोळं पुसून हसली. म्हणली, "माफी मागायला एवढ्या लांब कोण येतंय? न्यायला आलाय म्हणा की."

लाज वाटत हुती का भ्या वाटत हुतं, देव जाणे. मग म्हणले, "चल गं बाई घरी." टोपली तिथंच पडली. तिच्या आईनं वरनं बघितलं आन् तीबी रडाय लागली, काय कळलं तिला कुणास ठावं.

कोंडीबाला मी हितनंच कार्ड टाकलंय, मेव्हण्याच्या पोरीला दुसरं ठिकाण बग म्हणून. झाडाचं बिमलानं सांगितलंय, त्येला आता कुणी काय मागायचं न्हाई. मी व्हय म्हणलेय.

एकवीस तारखेला कराडला उतरू. मानसिंगला पल्टनीत जावं लागतंय, त्यो दिल्लीपत्तोर येईल. तू स्टेशनात ये. ह्या बारीला मातूर ये, आप्पा. खोटं बोलायचं काय काम न्हाई, झाडाला न्हाई का माणसाला न्हाई. सहा वर्षांत तिला घ्यायला कुणी आलं न्हाई. गाडीतनं उतरंल तवा आपल्यातलं कुणीतरी वाट बघत हुभं आसलेलं तिला दिसू दे.

अक्का